सांगणाऱ्याचा शब्द राखा

वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं. भावंडांनी ठरवलेलं असतं की मोठी जेवणावळ न घालता पंचवीस हजार रुपये एखाद्या चांगल्या कामाला द्यायचे. रात्री घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर थोरला विचारतो, “विश्वासाची एखादी संस्था माहीत आहे का कुणाला?” थोड्या वेळात कुठल्या तरी मावशीचं उत्तर येतं आणि पैसे कुठे जाणार ते ठरून जातं. संस्थेला याचा पत्ताही नसतो. तिचं संकेतस्थळ कुणी उघडलेलं नसतं, माहितीपत्रक कुणी चाळलेलं नसतं. “आम्ही जाऊन आलोय, माणसं सरळ आहेत,” असं मावशी म्हणाली आणि तेवढं पुरलं.

लहान संस्थांच्या पावती पुस्तकातल्या नावांचा माग काढत गेलं, तर कितीतरी नावांच्या मागे अशी एखादी मावशी सापडते. जाहिरातीला पैसे नाहीत, प्रसिद्धीसाठी माणूस नेमणं परवडत नाही, म्हणून संस्था या तोंडी प्रसिद्धीकडे फुकटची जाहिरात म्हणून बघतात. ती फुकट नसते, तिची किंमत मावशी मोजत असते. उद्या पावती आली नाही, संस्थेत कुणी फोन उचलला नाही, तर भाऊ संस्थेला जाब विचारणार नाही. तो मावशीला म्हणेल, “तू सांगितलंस म्हणून दिले.” म्हणून माझ्या मते या कामाचा पहिला नियम हाच : ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला, त्याच्यावर खाली बघायची वेळ येऊ द्यायची नाही. बाकीच्या युक्त्या त्यानंतर.

बोलतं कोण?

आपल्याबद्दल देणगीदार बोलतात, असा विश्वस्तांचा समज असतो. पण रोज बोलतात ती वेगळीच माणसं. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला संस्थेचं नाव सांगा. “अंध मुलांचं वसतिगृह ना? बसा,” असं तो म्हणाला तर ठीक. पण “काय करतात कुणास ठाऊक, गाड्या येतात-जातात,” असं म्हणाला, तर पाहुण्याचं मत संस्थेच्या फाटकाशी पोचायच्या आत झालेलं असतं. किराणा दुकानदार, औषधाच्या दुकानातला पोरगा, बँकेतला कॅशियर, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, अंगणवाडीताई, काम सोडून गेलेला स्वयंपाकी ही सगळी संस्थेबद्दल बोलणारी माणसं आहेत. दुकानदाराची तीन महिन्यांची उधारी थकली असेल, तर तो हिशेबाइतकाच प्रसिद्धीचाही प्रश्न आहे. कार्यकर्त्यांचं मानधन दर महिन्याला लांबत असेल, तर त्यांच्या घरचे शेजारीपाजारी काय सांगत असतील याचा विचार करा.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. संस्थेशी संबंध नसलेल्या दोन-तीन ओळखीच्यांना गावात पाठवा. ‘अमुक संस्था कशी आहे हो?’ एवढंच त्यांनी विचारायचं आणि मिळालेली उत्तरं जशीच्या तशी लिहून आणायची. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा. काही वाक्यं बोचतील. पण वर्धापनदिनाच्या भाषणांतून जे कळत नाही, ते त्या कागदावर असेल.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. माणसाला नवी बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून जास्त मिळते, असं त्यात त्यांनी मांडलं होतं. कारण साधं आहे : जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. आपल्या बहुतेक संस्था वर्षानुवर्षं विश्वस्तांच्या नातेवाइकांत आणि वर्गमित्रांत फिरत राहतात. त्याच घरांतून तेच धनादेश येतात आणि ती पिढी थकली की आटतात. म्हणून ज्यांचा पाय चार वेगळ्या घोळक्यांत असतो अशी माणसं शोधा. विम्याचे एजंट, निवृत्त शिक्षिका, ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस, भिशी चालवणाऱ्या काकू ही ती माणसं. त्यांच्याकडून मोठी देणगी मिळेल न मिळेल, पण त्यांना एकदा काम दाखवा.

त्यांनी नेमकं काय सांगायचं?

“समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची संस्था कटिबद्ध आहे.” हे वाक्य कुठलीही मावशी कुणाला सांगू शकणार नाही. ते तिच्या तोंडी बसत नाही आणि त्यातून काही दिसतही नाही. त्याऐवजी असं वाक्य बघा : “आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलांची शाळा सुटते, म्हणून तेवढे महिने ते मुलांना गावातच ठेवून घेतात, जेवू घालतात, शाळेत पाठवतात.” बीड-अहिल्यानगरकडच्या हंगामी वसतिगृहाचं सगळं काम यात आलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं आणि तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो, “एका मुलाला किती खर्च येतो?”

तो प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. हंगामाचा एकूण खर्च मुलांच्या संख्येने भागून आलेला खरा आकडा सांगा. त्यात स्वयंपाकीणबाईंचा पगार आणि वीजबिलही धरा. व्यवस्थापनाचा खर्च लपवून आकडा लहान दाखवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती पुढे सांगणाऱ्याच्या अंगाशी येते, कारण कुणीतरी हिशेब मांडतो आणि मग बेरीज जुळत नाही.

वाक्य कसं सापडेल? कार्यालयात बसून ते लिहू नका. संस्था बघून गेलेल्या माणसाला आठवड्याने फोन करा आणि विचारा, “घरी गेल्यावर आमच्याबद्दल काय सांगितलंत?” त्याच्या तोंडून जे येईल ते तुमचं वाक्य. बहुधा ते तुमच्या माहितीपत्रकात नसेल. तुम्हाला वाटत असेल की लोकांना तुमचा संगणक कक्ष आवडला आणि ते सांगत असतील की तिथल्या ताईंना प्रत्येक मुलाचं नाव पाठ आहे. मग तेच वाक्य ठेवा.

वाटा दिला की माणूस बोलतो

१९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडाची वाट धरली होती. घरातल्या बाईने दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा होऊन वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात जायचं. त्या धान्याची किंमत मोठी होतीच, पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. ज्या घराची मूठ त्यात पडत होती, त्या घराला ते वसतिगृह आपलं वाटू लागलं. शाळेत न गेलेली बाईसुद्धा ‘आमच्या बोर्डिंगातली पोरं’ असं म्हणू शकत होती.

आज मूठभर धान्याच्या जागी काय मागता येईल, ते आपापल्या कामावरून ठरवा. महिन्याला शंभर रुपये, मुलाच्या वाढदिवशी एका वेळचं जेवण, रविवारी दोन तास गणिताची शिकवणी, जुन्या सायकलींची दुरुस्ती. मागणी इतकी लहान असावी की हो म्हणायला कुणाला घरी विचारावं लागू नये. मोठा देणगीदार बऱ्याचदा गप्प राहतो, कारण दिलेलं सांगणं त्याला आत्मस्तुती वाटते. लहान वाटा देणारा मात्र मोकळेपणाने सांगतो, “आम्ही सगळे देतो, तूही दे.”

आपल्या घरांतले प्रसंगही याच कामाचे आहेत. एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन, तेरावा, गृहप्रवेश, संक्रांतीचं हळदीकुंकू. या दिवशी घरात माणसं जमलेली असतात आणि ‘हे कुठून आणलंत?’ असं आपणहून विचारलं जातं. विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या पणत्या दिवाळीत घरोघर जातात, बचत गटाने शिवलेल्या पिशव्या वाण म्हणून वाटल्या जातात. मात्र वस्तू चांगलीच हवी. गळकी पणती दयेपोटी एकदा घेतली जाते, तिच्याबद्दल पुढे कुणी बोलत नाही. सोबत चिठ्ठी द्यायची तर तिच्यावर दोनच ओळी आणि एक फोन नंबर असू द्या. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर होणाऱ्या दान उत्सवाचा उपयोग करायचा असेल तर जरूर करा, पण बहुतेक घरांचं दान अजूनही घरच्या तारखांना होतं. त्या तारखा वहीत टिपून ठेवा.

पैसे आल्यानंतरचे पंधरा दिवस

सगळ्यात जास्त शब्द इथे वाया जातात. देणगीदार पैसे पाठवतो आणि मग शांतता पसरते. पंधरा दिवसांनी तोच विचारतो, “मिळाले का हो?” तेव्हा मावशीची शिफारस अर्धी मेलेली असते.

पैसे जमा झाले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, माणसाने माणसाला फोन करावा. संगणकाने पाठवलेला संदेश या फोनची जागा घेत नाही. फोनवर पुन्हा मागणी करायची नाही. त्यात एक प्रश्न नक्की विचारायचा : “आमच्याबद्दल तुम्हाला कोणाकडून कळलं?” ते नाव पावतीच्या स्थळप्रतीवर लिहून ठेवा. त्यानंतर दुसरा फोन त्या सांगणाऱ्याला : “तुमच्या शब्दावर तुमच्या भाच्याने मदत पाठवली, मिळाली, पावती आज निघाली.” आकडा मात्र त्याला सांगू नका, तो देणाऱ्याचा खासगी विषय आहे. हा दुसरा फोन फार थोड्या संस्था करतात. केलात तर तो माणूस वर्षभरात आणखी चार जणांना सांगेल, हे मी खात्रीने म्हणतो.

करसवलतीबद्दल सांगणाऱ्याला अर्धवट माहिती देऊन पाठवू नका. ‘८०जी मिळतं’ एवढंच सांगितलं की घोटाळा होतो. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला देणगीवर ही सवलत मिळत नाही. जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. शिवाय संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यानंतरच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. ते विवरण चुकलं तर जुलैमध्ये विवरणपत्र भरताना त्याचा सीए संस्थेचं नाव घेईल आणि ते चांगल्या अर्थाने नसेल.

सहा महिन्यांनी एक पत्र जावं. त्यात जे जमलं ते लिहा आणि जे जमलं नाही तेही लिहा. “बारा मुलींपैकी दोघींची लग्नं आम्हाला थांबवता आली नाहीत,” असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या संस्थेवर लोक जास्त विश्वास ठेवतात. सगळं गोड असलेला अहवाल वाचून कुणी कुणाला काही सांगत नाही.

बघून गेलेला माणूस

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाची कीर्ती पुस्तकांनी, पुरस्कारांनी, भाषणांनी पसरली, हे खरंच. पण बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचा त्यात किती वाटा आहे, ते त्या छावणीला जाऊन आलेल्या माणसाशी बोललं की कळतं. भर उन्हाळ्यात पहाटे उठून कुदळ-फावडं घेऊन कामाला जायचं, संध्याकाळी चर्चा, गाणी. तिथून परतलेली तरुण पोरं आपापल्या गावात वर्षानुवर्षं बोलत राहिली. त्यांना बोला म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. हातून काम झालं होतं आणि ते सांगितल्यावाचून त्यांना राहवत नव्हतं.

यातून लहान संस्थेने घ्यायचं ते एवढंच, की आलेल्या माणसाला प्रेक्षक म्हणून खुर्चीवर बसवू नका. हारतुरे, स्वागतगीत, पडद्यावरचं सादरीकरण यांत दोन तास जातात आणि पाहुणा रिकामा परत जातो. त्याला भाजी निवडायला बसवा, एका मुलाचं वाचन ऐकायला सांगा, गोठा झाडू द्या. महिन्यातला एक ठरलेला दिवस पाहुण्यांसाठी ठेवा, म्हणजे सांगणाऱ्याला नेमकं म्हणता येईल, “दुसऱ्या रविवारी जा, कुणाची परवानगी लागत नाही.”

मुलांना ओळीने उभं करून गाणी म्हणायला लावणं, वाढदिवसाचा केक कापणाऱ्या पाहुण्यासोबत त्यांचे फोटो काढणं हे मला अजिबात पटत नाही. त्यात मुलाची मान खाली जाते. आणि यात कायद्याचाही प्रश्न आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. पाहुण्याने घरी जाऊन फोटो फेसबुकवर टाकला तर तो हौसेने टाकतो, त्याला माहीत नसतं. म्हणून फाटकापाशीच सांगा, बोर्ड लावा, आणि त्याऐवजी मुलांनी काढलेलं चित्र किंवा बागेचा फोटो त्याला द्या.

ज्यांच्यावर वेळ आली होती, ते

सगळ्यात जड शब्द, संस्थेची मदत ज्यांना झाली, त्यांचा. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. सुरुवात अशी लेखणीने झाली. पण पुढे दारुड्याच्या घरात मुक्तांगणाचं नाव पोचतं ते बरं झालेल्या माणसाकडून. तिथे समुपदेशन करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं आहेत. ‘मीही इथेच होतो’ असं म्हणणाऱ्याचं बोलणं त्या बायकोला जेवढं पटतं, तेवढं डॉक्टरांचंही पटत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने तर आपल्या परंपरांमध्येच लिहून ठेवलं आहे की प्रचार करत फिरायचं नाही, काम बघून माणसं ओढली जावीत. तरीही ती चळवळ जगभर गेली.

मात्र हा शब्द मागून घ्यायचा नसतो. ज्याला मदत केली त्याला व्यासपीठावर उभं करून ‘सांग तुझी कहाणी’ म्हटलं, की त्याला नाही म्हणता येत नाही. त्याची कृतज्ञता म्हणजे संमती नव्हे. त्याला आधी एकांतात विचारा, नकाराची वाट मोकळी ठेवा, आणि होकार दिला तरी काय सांगायचं नाही तेही त्यालाच ठरवू द्या. पाच वर्षांनी त्याचं लग्न ठरताना त्या कहाणीची चित्रफीत कुणाच्या तरी फोनवर निघू शकते.

फोनवरचं सांगणं

व्हॉट्सॅपवर तयार मजकूर फिरवून फार काही होत नाही. २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि अनेकदा फिरून आलेला संदेश तर २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शिवाय ‘फॉरवर्डेड’ दिसलं की अंगठा पुढे सरकतो. त्यापेक्षा तुमच्या स्नेह्यांना विनंती करा : आमचा मजकूर पाठवू नका, तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा आणि तीनच माणसांना, नाव घालून पाठवा. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याची जी लाट जगभर आली, तिने अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळवून दिले. त्यात गंमत होतीच, पण खरा जोर नाव घेऊन आव्हान देण्यात होता. सगळ्यांना उद्देशून केलेलं आवाहन कुणालाच उद्देशून नसतं. “सुनीलदादा, तू एकदा येऊन बघ,” हे टाळणं अवघड जातं.

वर्तमानपत्रात लेख आला तरी शेवटी काम याच वाटेने होतं. ‘लोकसत्ता’ दरवर्षी गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्या संस्थांना मदत पाठवतात. अशी संधी मिळाली तर त्या आठवड्यात संस्थेचा फोन सकाळी आठ ते रात्री नऊ कोण उचलणार, हे आधी ठरवा. लेख वाचून फोन करणाऱ्याला तीनदा नुसती रिंग ऐकू आली, तर तो हीच गोष्ट चार जणांना सांगतो.

आता पैशांबद्दल एक कडक सूचना. उत्साही हितचिंतक म्हणतो, “माझ्या जीपेवर गोळा करतो आणि एकदम देतो.” हे कधीही होऊ देऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी. संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड छापून त्याच्या हातात द्या. परदेशातल्या नातेवाइकांचंही तसंच आहे. न्यू जर्सीतला भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले त्याचे पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए नोंदणी नसेल तर संस्थेला ती घेता येत नाही. “बहिणीच्या खात्यात टाक, ती देईल,” हा मार्ग बहिणीलाही अडचणीत आणतो आणि संस्थेलाही. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणा आणि कारण सांगा. नियमापोटी पैसे नाकारणारी संस्था म्हणून त्याच कुटुंबात तुमचं नाव पुढे निघेल.

कधी उलटं बोललं जाईल. ‘तिथे पैसे खातात’ ही कुजबूज कानावर आली, तर ग्रुपवर लांब खुलासा लिहिण्याआधी ती पहिल्यांदा ज्याने म्हटली त्याला शोधा, त्याच्या घरी जा, धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला हिशेब सोबत न्या. तो चुकला असेल तर तोच पुढे सांगेल. तो बरोबर असेल, तर त्याच संध्याकाळी विश्वस्तांना बोलवा.

वर्षअखेरीला पावत्यांच्या स्थळप्रती काढून बसा आणि ‘कोणाकडून कळलं’ या रकान्यातली नावं मोजा. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यांत क्वचितच विश्वस्त असतात, बहुधा एखाद्या निवृत्त बाई किंवा औषध दुकानदार असतो. वार्षिक सभेला त्यांना मागच्या रांगेत बसवू नका. जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवा आणि काय खटकतं ते विचारा, कारण गावात लोक त्यांनाच विचारतात.